दोनशे फूट

मित्रांनो, मी रस्त्यांची लांबी मोजणारे एक जुने चाक आहे. लांब दांडा, कडेला लोखंडी पट्टीची धाव आणि आसाजवळ आकड्यांची छोटी पेटी, एवढाच माझा देह. दर फुटाला मी एकदा ‘टक्’ करते.

जन्मले कुठल्याशा कारखान्यात, पण आयुष्य गेले अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या एल्डरबरो या लहानशा गावात. तिथल्या रस्ते खात्यातल्या ऑरिन पेलेटियरने पस्तीस वर्षे मला चालवले. बर्फ वितळून खचलेल्या रस्त्यांवर, चिखलात, उन्हात आम्ही दोघे हिंडलो. घरी आल्यावर तो माझी धाव पुसायचा, आसाला तेल द्यायचा. चारचौघांत म्हणायचा, “एकवेळ बायको फसवेल, हे चाक नाही फसवणार!” त्याची बायको मार्था लगेच म्हणायची, “मग आज जेवण चाकाकडेच माग.” मला फार अभिमान वाटायचा.

निवृत्त झाल्यावर ऑरिन गावच्या शर्यतीचा प्रमुख झाला. दर ऑक्टोबरात, पाने गळून गेली की, दहा किलोमीटरची ही शर्यत होते. तिचा रस्ता मीच मोजला. सोळा हजार चारशे चार फुटांवर ऑरिनने डांबरात एक खिळा ठोकला. तिथून वळायचे आणि आल्या वाटेने परतायचे.

ऑरिनचा बालमित्र लुसियन गॅन्यो नळकाम करायचा. शाळेत असताना दोघे जोडीने धावत. पुढे संसार आला, धावणे सुटले. सहासष्टाव्या वर्षी लुसियनला हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी चालायला सांगितले. हा वर्षभरात पुन्हा धावू लागला. रोज सकाळी ऑरिनच्या घरालगत, मी राहते त्या शेडसमोर थांबून हाक मारायचा, “ऑरिन, उठलास का, म्हाताऱ्या?”

“तुझ्या धापांनीच उठलो!”

“हस लेका. एकदा दहा किलोमीटर तासाच्या आत मारतो, मग बघ.”

तो मनापासून झटत होता. पण शर्यतीच्या आदल्या रविवारी, ऑरिनसमोर केलेल्या सरावातही त्याला तास पुरला नाही.

शर्यतीच्या सकाळी, कुणी यायच्या आत, ऑरिन मला खिळ्यापाशी घेऊन गेला. पेटीतले आकडे त्याने शून्यावर आणले आणि आम्ही उलटे, गावाच्या दिशेने चालू लागलो. दोनशे वेळा टक् झाले. तिथे त्याने वळणाचा नारंगी शंकू ठेवला. जाताना दोनशे, येताना दोनशे; शर्यत चारशे फुटांनी आखूड झाली. मित्रांनो, ही लबाडी माझ्याच आवाजावर मोजली गेली आणि मला थांबता आले नाही.

लुसियन एकोणसाठ मिनिटे चाळीस सेकंदांत आला. गुडघ्यांवर हात ठेवून तो रडला आणि ऑरिनने त्याला मिठी मारली.

नंतर चर्चच्या सभागृहात सारे डोनट खात असताना गावच्या शाळेत शिकवणारी डोरीन म्हणाली, “ऑरिन, सगळ्यांच्या मनगटावरची जीपीएस घड्याळं अंतर कमी दाखवताहेत. काय भानगड आहे?”

ऑरिनने भिंतीला टेकवलेल्या माझ्याकडे बोट दाखवले. “जुनं झालंय ते. चुकलं असेल.”

पस्तीस वर्षांच्या इमानावर एका वाक्यात पाणी पडले. निकाल रद्द झाले. लुसियनने हातातला डोनट न खाता ताटलीत ठेवला.

पण त्याच्या मनात शंका राहिली. दोन दिवसांनी तो शेडमध्ये आला, मला उचलले आणि आरंभरेषेपासून चालू लागला. खिळ्यापाशी पेटीत आकडा आला : सोळा हजार चारशे चार. शंकू कुठे होता, तेही त्याला आठवत होते. एका निळ्या टपालपेटीसमोर. तिथपर्यंत मागे आला. बरोबर दोनशे.

तो तडक ऑरिनच्या दारात गेला. “चाक ठीक आहे, ऑरिन.”

ऑरिन म्हणाला, “तुझ्यासाठीच केलं रे. रविवारी तुझी दशा पाहवली नाही.”

“यंदा नसतं जमलं, तर पुढच्या वर्षी धावलो असतो. नाहीतर त्याच्या पुढच्या.” लुसियन म्हणाला. “सगळे मला आजारी समजत होते. तू एकटा समजत नाहीस असं वाटलं होतं मला.”

त्याने मला पायरीला टेकवले आणि तो निघून गेला.

ऑरिनने गावाला खरे कधीच सांगितले नाही. शर्यतीच्या मंडळाने नवे चाक आणले. मी शेडच्या कोपऱ्यात गंजत पडले आहे. आस घट्ट झाला आहे. लुसियन अजून धावतो, पण शेडसमोर थांबत नाही. त्याची पावले जवळ आली की ऑरिन घराच्या दारापर्यंत येतो, कडीवर हात ठेवतो आणि ती दूर जाईपर्यंत तसाच उभा राहतो.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना अधूनमधून तेलपाणी करा. ते विसरलात तरी एकवेळ चालेल. पण ज्याला तोंड नाही, त्याच्यावर आपल्या चुकीचे खापर फोडू नका. आणि धापा टाकत का होईना, जो आपल्या पायांनी येतो आहे, त्याचा रस्ता त्याला पुरता धावू द्या.