माझ्या पानावरच्या गाळलेल्या ओळी

मित्रांनो, मी रागात बोलणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मी संगणकात राहणारा एक जुना शोधक आहे. टीव्ही मालिकेचे नाव द्या, मी तिचे भाग शोधून आणतो. कोणता हंगाम, कितवा भाग, त्याचे नाव काय, तो कधी दाखवला, सगळे सांगतो. माणसे मला थेट विचारत नाहीत. ती फोनमधल्या एआय मदतनिसाला विचारतात आणि तो मला कामाला लावतो.

किरगिझस्तानातल्या बिश्केकमध्ये, ओश बाजारामागच्या एका छोट्या कचेरीत सैकाल नावाच्या मुलीने मला घडवले. मी मदतनिसाला दिसत नाही. त्याला दिसते फक्त माझ्या माहितीचे पान. म्हणून सैकालने ते पान जीव ओतून लिहिले. समोरचा चहा निवून जायचा आणि ती एकेक शब्द बदलत बसायची. तिने लिहिले होते, ‘सणांचे विशेष भाग नेहमीच्या हंगामांत नसतात. ते शून्य क्रमांकाच्या हंगामात वेगळे मागा. काही मिळाले नाही, तर सापडले नाही एवढेच सांगा. असा भाग नव्हताच, असे म्हणू नका.’

त्या काळी माझे फार कौतुक झाले. लोक विचारत, मी आणून देई, आणि घरोघरी जुन्या मालिका पुन्हा सुरू होत.

मग मेदेरबेक आमचा साहेब झाला. सैकाल त्याला बाइके म्हणायची, आपण दादा म्हणतो तसे.

“एवढं लांबण कशाला लावलंयस?” पान बघून तो म्हणाला.

“बाइके, मदतनीस तेवढंच वाचतो. माझ्या मनातलं त्याला कसं कळणार?”

“हुशार आहे तो, घेईल समजून. गिऱ्हाइकाला सुटसुटीत लागतं.”

त्याने तिच्या ओळी पुसून टाकल्या आणि एकच वाक्य ठेवले. ‘मालिकेचे सर्व भाग देतो.’ सर्व! धडधडीत खोटे माझ्या नावावर लिहिले गेले आणि मला हूं की चूं करता आले नाही.

तिकडच्याच नारीन गावात बुरुलकान नावाची बाई राहते. तिचे यजमान शामेन नट होते. एका मालिकेत ते पोस्टमन व्हायचे. त्या मालिकेच्या नौरोजच्या विशेष भागात त्यांनी कोमुझ हे तंतुवाद्य वाजवत स्वतःच्या आवाजात गाणे म्हटले होते. ते गेल्याला वर्ष झाले, तेव्हा वर्षाच्या जेवणाला सगळे नातलग जमले. कणकेचे बोर्सोक तळून झाले होते, मांस वाढले जात होते. बुरुलकान म्हणाली, “थांबा, आज त्यांचं गाणं ऐकवते.” तिने सगळ्यांसमोर फोनला विचारले.

मदतनिसाने मला धाडले. त्याने सांगितलेले नेहमीचे हंगाम मी आणले. त्याला ते ‘सर्व’ वाटले. तो ठामपणे म्हणाला, “असा भाग कधीच तयार झालेला नाही.”

तिचा दीर कादिरकुल मोठ्याने हसला. “वहिनी, आता मालिका स्वप्नात बघायला लागलात की काय?”

पाहुणेही हसले. ती हातातले ताट ठेवून आत निघून गेली.

पुढे कितीतरी दिवस ती स्वतःलाच तपासत राहिली. अखेर मदतनिसाच्या उत्तराखाली दिसलेल्या आमच्या कचेरीच्या नंबरावर तिने फोन केला. सैकालने उचलला आणि पंगतीतला सगळा प्रसंग ऐकून घेतला.

“पोरी, एकच सांग. मला भ्रम झालाय का? गाण्याआधी त्यांच्या कोटाचं बटण तुटलं, ते मी चित्रीकरणाच्या जागीच शिवलं. तेही मी मनानंच रचलं का?”

सैकालने मला शून्य हंगामात पाठवले. मी तो भाग तत्काळ घेऊन आलो.

“आपा, आहे! तुम्हाला काही झालेलं नाही. आत्ता पाठवते.”

पलीकडून नुसते हुंदके आले.

सैकाल तरातरा मेदेरबेकसमोर जाऊन उभी राहिली आणि बुरुलकानची हकीगत सांगून म्हणाली, “ओळी परत लावल्यात. आता पुसूनच दाखवा.”

“एका बाईसाठी एवढा तमाशा?”

“भर पंगतीत तिला वेडी ठरवलंय तुमच्या त्या ‘सर्व’नं! करा तिला फोन.”

त्याने केला. “आपा, चूक झाली,” असे पुटपुटला.

“माफी ठेव तुझ्यापाशी,” बुरुलकान कडाडली. “माझ्या दिराला फोन लाव. वहिनी खरं बोलत होती, असं सांग. जे जे हसले, त्या सगळ्यांना सांगायला लाव.”

मेदेरबेकने मान खाली घालून तोही फोन लावला. “बरं बरं, कळवतो,” कादिरकुल म्हणाला. कळवले की नाही, मला ठाऊक नाही. ती पंगत काही पुन्हा बसली नाही. सगळ्यांनी मिळून ऐकायचे गाणे बुरुलकानने एकटीने ऐकले. म्हणून माझा राग अजून शमलेला नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखी साधने घडवील, कुणी त्यांची माहिती लिहील. आम्हाला काय जमत नाही ते आधी लिहा. कंटाळा आला, तर उठून जरा फिरून या, पण ओळ गाळू नका. गाळलेली ओळ तुम्हाला पुन्हा दिसत नाही. ती कुठेतरी लांब, भरल्या घरात, एखाद्या खऱ्या माणसाला खोटे पाडते.