लमदुअनचा पासवर्ड

प्रासित गुरुजींच्या चितेला जमलेल्यांना रिवाजाप्रमाणे वाटायची दोनशे पुस्तकं दुपारी साडेतीनला देवळात वेळेवर पोचली. हे आताच सांगितलं आणि आताच विसरायचं आहे, कारण सकाळी नऊ वाजता थायलंडमधल्या लाम्पांगच्या त्या छापखान्यात पुस्तक नावाची गोष्टच नव्हती.

होती ती एक संगणकाची पेटी. सगळ्यांच्या फाइली, गुरुजींच्या पुस्तकाचीही, एका जागी ठेवणारी. सात वर्षं तिने कुणाला नाव विचारलं नव्हतं, कुणीही यावं, फाइल उघडावी. रात्री तिने स्वतःच स्वतःला सुधारून घेतलं आणि सकाळपासून ती दारावरच्या शिपायासारखी विचारू लागली: नाव? पासवर्ड?

"दहा मिनिटं," तोंग म्हणाला. तोंग हा छापखान्याचा अख्खा संगणक विभाग.

"अकरापर्यंत मशीन सुरू झालं नाही, तर पुस्तकं होत नाहीत," मालकीण विलाय मावशी म्हणाल्या. "आणि चिता काही पुढच्या गुरुवारी परत पेटत नाही."

पुस्तकात गुरुजींचं चरित्र होतं, चार कविता होत्या आणि त्यांच्या हातच्या डुकराच्या रश्श्याची कृती होती. तोंगला पाढे गुरुजींनीच शिकवले होते, त्यामुळे घाई मावशींइतकीच त्यालाही होती.

पडद्यावर मुख्य मालकाचं नाव दिसत होतं: लमदुअन. पेटीमागचं बारीक बटण दाबून सगळं नव्याने सुरू करता आलं असतं, पण फाइलीही नव्याने सुरू झाल्या असत्या, म्हणजे कोऱ्या.

"कुंगताई, ही लमदुअन कोण?"

"मला काय ठाऊक!" पानं जुळवणारी कुंगताई म्हणाली. प्रश्न संपायच्या आत म्हणाली.

तोंगने सहा वर्षांत तिला कुंग याच टोपणनावाने हाक मारली होती. कागदावर तिचं नाव काय, हे त्याला माहीत नव्हतं. मालकीण सोडल्या तर छापखान्यात कुणालाच कुणाचं माहीत नसे.

मावशींनी त्याला कागदाच्या रिमांमागे ओढलं. "अरे, कुंगच ती लमदुअन. तू यायच्या आधी पेटी तिनेच बसवली होती. आता नाव बदललंय, पिम्पिसा. डोंगरावरच्या भंतेंनी सांगितलंय, नव्वद दिवस जुन्या नावाला ओ द्यायची नाही. दिली तर जुनी साडेसाती पत्ता शोधत परत येते."

"किती दिवस झाले?"

"एकोणनव्वद."

"उद्या चालेल का?"

"विचार गुरुजींना."

तोंगने घड्याळ पाहिलं: सव्वादहा. मग तो कुंगताईच्या टेबलाशी जाऊन हात जोडून उभा राहिला, मयताला उभं राहतात तसा.

"ताई, कानावर आलं. लमदुअन गेली म्हणे."

कुंगताईने त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग चष्मा काढून पुसला. "गेली रे. बघता बघता तीन महिने होतील."

"स्वभावाने कशी होती?"

"गुणाची. जरा आळशी."

"हिला आळशी म्हणायची कुणाची हिंमत नव्हती इतके दिवस," मावशी मागून पुटपुटल्या.

"मागे काही ठेवून गेली?"

"एक मांजर. आणि एक पासवर्ड."

"कुणाला सांगून गेली असेल?"

"सांगायचंय काय त्यात? आळशी बाई, स्कूटरचाच नंबर ठेवणार."

तोंग धावत बाहेर गेला, गुलाबी स्कूटरचा नंबर वाचून आला, टाकला. पेटी म्हणाली, चूक.

"नंबरही बदललाय भंतेंनी," कुंगताई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तिच्या वेळचा वेगळा होता. चार, चार, सात, एक. बिचारी."

पेटी उघडली. दहा चाळीसला मशीन धडधडू लागलं. तोंगने पेटीची मालकी पिम्पिसाच्या नावावर केली, मयताच्या नावे चाव्या ठेवणं बरं नव्हे म्हणून. कुंगताईने लमदुअनसाठी एक उदबत्ती लावली. फार रडली नाही.

देवळातून परतल्यावर तोंगने छापखान्याच्या शिक्क्याच्या कागदावर अर्ज लिहिला:

"प्रति, डोंगरावरील पूज्य भंते. विषय: शुभ नावांबाबत. सविनय विनंती की, आमच्या कोणत्याही कर्मचाऱ्याचे नाव बदलण्यापूर्वी संगणक विभागाची लेखी परवानगी घ्यावी. तसेच ग्रहांनी आपली स्थलांतरे यापुढे रविवारीच करावीत, आणि निघण्याआधी तीन दिवस कळवावे."