पळसाचा पुतळा

बदनापूरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. माझ्यासोबतच्या वंदनाबाई ख्रिस्ती. त्यांनी एकदा मला ‘पर्गेटरी’ म्हणजे काय ते सांगितलं. स्वर्गात जाण्याआधी पापं जळेपर्यंत मेलेल्याचा जीव जिथं अडकून राहतो, ती जागा. “पण तिथून सुटका नक्की असते,” त्या म्हणाल्या. “मागच्यांनी प्रार्थना केली की लवकर होते.” मला माझी दैवशालाताई आठवली. ती ना पापी, ना मेलेली.

ताईचा नवरा कल्याण जालन्याच्या एमआयडीसीत कामाला होता. एक दिवस ड्यूटीला म्हणून गेला तो गेलाच. मोटारसायकल बसस्टँडवर सापडली, माणूस नाही. तेव्हापासून घनसावंगीजवळच्या सासरी ताई ठसठशीत कुंकू लावून वाट बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं की सासू, उषाबाई, खेकसायची, “जित्या माणसासाठी रडत न्हाईत. अपशकुन करून राह्यली का?” माहेरी चल म्हटलं तर ताई मलाच विचारायची, “कोण म्हणून येऊ? सवाशीण म्हणून का विधवा म्हणून?”

हरवलेल्याची बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. बारा वर्षं भरली तेव्हा ताईचे सासरे धर्मराजमामा मन घट्ट करून तयार झाले. असल्या रीतींना मी एरवी शिव्या घालते, पण या रीतीसाठी रजा टाकून गेले. गोदाकाठी पुतळा रचला. डोक्याच्या जागी नारळ, अंगावर कल्याणचा निळा शर्ट. उषाबाई तोंड फिरवून बसली. आगीत नारळ फुटला तशी ताईनं हंबरडा फोडला. बायका तिला गप्प करायला धावल्या, त्यांना मी अडवलं. दहा दिवस ती पोटभर रडली, आणि देवाशपथ सांगते, तिचा चेहरा उजळत गेला. “दहावं झालं की येते तुझ्याकडं,” ती म्हणाली. मी तिच्यासाठी खोली झाडून ठेवायचा निरोपही घरी धाडला.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. लिंबावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. “दैवशालाला काही कमी पडू देणार न्हाई, ये बाबा,” मामांनी हात जोडले. कावळे ढिम्म. उन्हं चढली तसे गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. कावळा शिवला नाही म्हणजे मेलेल्याची इच्छा राहिली, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. उषाबाईनं मात्र भलताच अर्थ काढला.

“शिवल कसा? मेलाच न्हाई त्यो!” तिनं पिंड उचलून नदीत भिरकावला. “माझा कल्याण जिता हाय!”

मामांनी तिला अडवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. त्यांच्याही डोळ्यांत ती मेली आशा आली होती. उषाबाईनं आपल्या कपाळाचं कुंकू बोटावर घेतलं आणि ताईच्या कपाळावर दाबलं.

“मावशी, बस करा!” मी ओरडले. “ताई, ऊठ. चल घरी.”

ताई उठली नाही. माझा हात धरून हळूच म्हणाली, “तृप्ते, आन् खरंच जिते असले तर गं?”

मला रडू कोसळलं. तिनं मात्र पदरानं स्वतःचे डोळे पुसले, मग माझेही पुसले.

“गप,” ती म्हणाली. “जित्या माणसासाठी रडत न्हाईत.”