प्लॅस्टिकमध्ये अडकलेले अकरा कागद

मित्रांनो, घरात तुमच्या ताईची किंवा दादाची दहावीची गुणपत्रिका असेल, तर तिच्यावरून जरा बोट फिरवून बघा. गुळगुळीत लागतं ना? चहा सांडला तरी फडक्याने पुसला की झालं. ही करामत माझी, नाहीतर माझ्या एखाद्या भावंडाची. मी लॅमिनेशनची मशीन आहे, चांगली जुनी, आणि कर्जतला उज्वलाताईंच्या झेरॉक्सच्या दुकानात माझं सगळं आयुष्य गेलं. आज मी तुम्हाला माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणार आहे. चूक सांगताना लोक मान खाली घालतात. माझं उलटं आहे. तो शुक्रवार आठवला की माझे रोलर न तापवताच तापतात!

माझा जन्म भिवंडीजवळच्या एका कारखान्यात झाला. पोटात रबरी रोलर, त्यांना तापवणारी पट्टी, वर एक लाल आणि एक हिरवा दिवा, एवढाच माझा संसार. प्लॅस्टिकच्या पाकिटात कागद घालून माझ्या तोंडाशी धरायचा. मी तो हळूहळू गिळते आणि मागच्या बाजूने कडक, चकचकीत, कोमट करून बाहेर काढते. निकालाच्या दिवसांत माझ्यापुढे रांग लागायची. "आमच्या मशीनला बुडबुडा ठाऊक नाय," असं उज्वलाताई गिऱ्हाइकांना सांगायच्या आणि मी फुगून जायची.

माझे सगळ्यात मोठे चाहते म्हणजे सखारामकाका. भिवपुरीच्या वीजकेंद्रात त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली. यंत्रांमध्ये काम, त्यामुळे हात कायम तेलकट. नोकरीच्या पहिल्याच पत्रावर त्यांच्या तेलकट अंगठ्याचा ठसा उमटला आणि त्याची त्यांना अशी चुटपुट लागली की पुढे हाती आलेला प्रत्येक कागद ते थेट माझ्याकडे आणू लागले. मतदार ओळखपत्र आणलं, गॅसचं कार्ड आणलं, लेकीच्या, नम्रताच्या, पहिलीपासूनच्या गुणपत्रिका आणल्या. तिच्या लग्नाची पत्रिकासुद्धा आणली. "काका, पत्रिकेला कशाला?" असं ताईंनी विचारलं, तर म्हणाले, "एकुलती एक लेक हाय गं माजी."

पुढे दिवस फिरले. लोकांची कागदपत्रं मोबाइलमध्ये गेली. पक्की प्लॅस्टिकची कार्डं पोस्टाने घरपोच येऊ लागली. माझी रवानगी टेबलाखाली झाली. अंगावर फडकं, फडक्यावर स्टेपलर, आणि स्टेपलरशेजारी ताईंचा चहाचा पेला. उपयोगी वस्तूचं टेबल होणं किती जिव्हारी लागतं, ते तुम्हाला कसं सांगू?

पण टेबलाखालून ऐकू मात्र सगळं येतं. त्या महिन्यात रोज नम्रताचा आवाज यायचा. तिचा नवरा ऋषिकेश माथेरानच्या एका हॉटेलात स्वयंपाक शिकला आणि आता इंग्लंडमध्ये एका मोठ्या हॉटेलात आचारी आहे. लग्नाला चौदा महिने झाले होते आणि दोघं एकत्र राहिले होते फक्त बावीस दिवस. तिला नवऱ्याकडे जायचं होतं. त्यासाठी व्हिसा हवा, आणि व्हिसासाठी घर चालवण्याएवढे पैसे आहेत याचा पुरावा हवा. पुरावा म्हणजे नुसतं "आहेत हो" म्हणून चालत नाही. ऋषिकेशच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, मालकाचं पत्र, आणि पावतीवरचा आकडा बँकेत तसाच्या तसा जमा झालेला दिसला पाहिजे. नम्रता पावती वाचायची, ताई बँकेचा कागद वाचायच्या. आकडा जुळला की दोघी टाळी द्यायच्या. टेबलाखाली मीही मनातल्या मनात टाळी द्यायची.

एक अडचण होती. ऋषिकेशचा पगार तिकडच्या नियमापेक्षा थोडा कमी पडत होता. ती कसर साठवलेल्या रकमेने भरून काढता येते, पण ती रक्कम सहा महिने खात्यात न हलता पडून असली पाहिजे. सखारामकाकांनी निवृत्तीचा सगळा फंड सात महिन्यांपूर्वीच नम्रताच्या नावावर टाकला होता आणि तिला तो बक्षीस दिल्याचं लिहूनही दिलं होतं. आता राहिला होता त्या खात्याचा उतारा, अकरा पानं, प्रत्येक पानावर बँकेचा शिक्का आणि सही. सोमवारी सकाळी मुंबईत नम्रताला व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायचे होते. त्याआधी सगळे कागद संगणकावरून पाठवायचे होते. महिन्यातला दुसरा शनिवार, त्यामुळे शनिवार-रविवार बँक बंद. एक कागद कमी पडला तरी अर्ज नामंजूर होण्याची धास्ती होती.

गुरुवारी सखारामकाका ती अकरा पानं घेऊन दुकानात आले. बँकेने छापून दिली होती, पण शिक्का मारणाऱ्या बाई रजेवर होत्या, उद्या या म्हणाले होते. ताईंना ते माहीत नव्हतं. काकांनी पिशवीतून पानं काढली ती झोळीतून बाळाला काढावं तशी.

"उज्वला, मशीन कुठं हाय गं? याला लॅमिनेशन कर."

"काका, बँकेचे कागद हायत. नम्रताला इचारलंत का?"

"तिला काय इचारायचं? स्कूटरवरून नेतोय, घाम लागंल, चुरगळतील. इतक्या मोठ्या कामाचे कागद हायत, असे उघडे नेऊ व्हय?"

ताईंनी क्षणभर विचार केला. मग वाकून माझ्यावरचं फडकं ओढलं.

मित्रांनो, किती दिवसांनी माझा लाल दिवा लागला! मी इतकी हरखले की कागदाकडे बघितलंच नाही. एकामागून एक अकरा पानं गिळली, एकही बुडबुडा नाही, एकही सुरकुती नाही. "आजूनपन तशीच हाय की!" असं म्हणून काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी मी पुन्हा टेबलावर राहिले, कारण महिला मंडळाची ओळखपत्रं ताईंकडे आली होती.

शुक्रवारी दुपारी पावणेतीनला नम्रता दुकानात शिरली, मागोमाग काका. तिच्या हातात माझी अकरा पानं होती. पहिल्या पानावर जांभळा डाग फरफटत गेला होता.

"ताई, शिक्काच बसत नाय! बाईंनी मारला, तर बोट लागताच पुसला गेला. आता हे प्लॅस्टिक काढता येईल का?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? मी चिकटवलेलं सुटत नाही, हीच तर माझी ख्याती. सोलायला जावं तर कागद फाटतो. ताईंनी नुसती मान हलवली.

"मग बँकेतून दुसरे छापून घे ना."

"त्यांचा प्रिंटर बंद पडलाय. बाई म्हणाल्या, तुमी बाहेरून छापून आना, मी कॉम्प्युटरवर ताडून बघून शिक्का मारते. पन त्या चारला निघनार."

आणि मग ती वडिलांकडे वळली. तिचा आवाज चिरला. "बाबा, खरं सांगा. मी जाऊ नये म्हनून केलंत का हे?"

सखारामकाकांचा चेहरा मी गेली कित्येक वर्षं बघते आहे, पण तो असा कधी उतरलेला पाहिला नव्हता. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि एवढंच म्हणाले, "मी फुडं जातो. बाईला धरून ठेवतो. तुमी छापा." गुडघे दुखत असूनही ते भराभर पायऱ्या उतरून गेले.

ताईंनी संगणक उघडला, प्रिंटर चालू केला, आणि तेवढ्यात लाईट गेली! ज्या माणसाने चौतीस वर्षं वीज तयार केली, त्याच्या लेकीच्या कामाला वीज नव्हती. इन्व्हर्टर होता, पण जुना. त्याच्यावर प्रिंटर लावला की तो कण्हायचा, आणि माझ्या पट्टीला तर त्याच्याहून जास्त वीज लागते. मी त्या वेळी पूर्ण तापलेली, महिला मंडळाच्या अंबाबाईंचं ओळखपत्र अर्धं माझ्या पोटात. ताईंनी मागेपुढे न बघता माझी पिन उपटली. खरं सांगते, मला राग आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा बंद पडून मी कोणाच्या तरी उपयोगी पडत होते. (अंबाबाईंच्या फोटोत कपाळावर आडवी सुरकुती आली आहे. त्या अजून ताईंना विचारतात.)

नम्रताने मोबाइलवर खातं उघडलं. उतारा उतरवून घ्यायला ओटीपी लागत होता, आणि खात्याला नंबर जोडलेला होता काकांचा! तिने फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"बाबा, तुमच्या मोबाइलवर सहा आकडी नंबर आलाय. तो वाचा."

"आलाय की. पन तो सांगायचा नाय गं."

"काय?"

"हितं बँकेत भला मोठा बोर्ड लावलाय. ओटीपी कोनालाच सांगू नका. वॉचमनपन तेच म्हनतोय."

ताईंनी कपाळाला हात लावला. घड्याळात तीन वीस.

"बाबा, ओ बाबा, मी कोनी परकी हाय का? तुमची लेक हाय ना मी!"

पलीकडून काकांचा आवाज आला, जरा ओला झालेला. "हायेस. लिही. चार... शून्य... नऊ..."

सहाही आकडे आले. प्रिंटर घरघरला. एक पान, दोन पानं. सातव्या पानाला इन्व्हर्टर टी टी करू लागला, तशी ताईंनी पंखा बंद केला, संगणकाचा उजेड कमी केला, आणि नम्रता हात जोडून प्रिंटरसमोर उभी राहिली. अकरावं पान बाहेर पडलं तेव्हा तीन पस्तीस झाले होते. तिने पानं छातीशी धरली आणि जी पळत सुटली, ती चप्पल दुकानातच विसरून!

मित्रांनो, त्यानंतरचा पाऊण तास मी थंड पडून दाराकडे बघत होते. मशीनला देव असतो की नाही, मला माहीत नाही. त्या दिवशी मी मागणं मात्र मागितलं.

चार वीसला दोघं आले. काकांनी पानं दोन्ही तळहातांवर आडवी धरली होती. प्रत्येक पानावर गोल शिक्का, गडद जांभळा, आणि खाली सही!

"बाई निघायलाच लागल्या होत्या," नम्रता धापा टाकत, हसत सांगत होती. "पन बाबा त्यांच्या टेबलासमोर बसून टर्बाइन कशी फिरते ते सांगत होते. त्यांना उठताच येईना."

ताई हसता हसता खुर्चीत बसल्या. मग नम्रताचं हसू थांबलं.

"बाबा, मघाशी मी बोलले ते... नको होतं बोलायला."

सखारामकाकांनी पानं जपून टेबलावर ठेवली. "तू जाऊ नये असं वाटतंच मला. रोज वाटतं. सकाळी चाय पितानापन वाटतं. पन म्हनून तुजी वाट अडवीन, असा बाप नाय गं मी. मला फकस्त भ्या वाटत होतं, तुज्या कागदाला माजा हात लागून डाग पडंल याचं."

नम्रताने वडिलांचा तो खरखरीत हात घट्ट धरला. मग ताईंनी एकेक पान स्कॅन केलं आणि संध्याकाळी सहाच्या आत सगळा पुरावा रवाना झाला. काही आठवड्यांनी मंजुरी आली. नम्रता पेढे घेऊन आली आणि एक पेढा, खोटं नाही सांगत, तिने माझ्यापुढेही ठेवला.

तेव्हा मित्रांनो, या जुन्या मशीनची एक विनंती ऐका. आपल्या माणसाची वस्तू जपायची हौस आली, की आधी त्या माणसाला विचारा: हिला अजून कुठे जायचं आहे का? जायचं असेल, तर ती उघडी राहू द्या. तिला धूळ लागेल, घाम लागेल, कदाचित डागही पडेल. लागू द्या, पडू द्या. शिक्का उघड्या कागदावरच बसतो. सखारामकाका आता रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर लेकीशी बोलतात, आणि फोन ठेवल्यावर ते जरा वेळ रडतात, असं ताई सांगत होत्या. रडून झालं की चहा पितात.