पहिला घाणा

सानवी मॅडम तिसऱ्यांदा आल्या तेव्हाच मला वास आला. एकदा आलेला माणूस चौकशीला येतो, दुसऱ्यांदा येतो तो विचारायचं राहिलेलं विचारायला. तिसऱ्यांदा येतो तो काहीतरी घेऊन जायला येतो.

त्या पुण्याच्या एका व्यवस्थापन शिकवणाऱ्या कॉलेजातून पीएचडी करत होत्या. विषय मोठा होता. गावातल्या बायकांचे उद्योग, त्यांचं व्यवस्थापन, शिक्षण आणि सामाजिक समावेशन. समावेशन म्हणजे काय, असं माझ्या आईने विचारलं तर म्हणाल्या, सगळ्यांना सामावून घेणं. आईने विचारलं, कोणी कोणाला? मॅडम गोड हसल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही.

आमचा कारखाना मालगुंडच्या अलीकडे, रस्त्याला लागून. कारखाना म्हणजे जांभ्याच्या दोन खोल्या, वर पत्रा, मागे वाळवणाचं अंगण. पंधरा बायकांचा बचत गट. एप्रिल-मेमध्ये आंबापोळी करायची, बाकी वर्षभर तिच्या गोष्टी करायच्या. बाहेरच्या खोलीत पाच बायका. क्रेट उतरवायचे, आंबे निवडायचे, धुवायचे, कापायचे, साली-बाठे भरून टाकायचे. आतल्या खोलीत नऊ बायका. रस आटवायचा, तूप लावलेल्या ताटांत ओतायचा, उन्हात वाळवायचा, कापायचा, पाकिटात भरायचा. बाहेरच्या पाची जणी आमच्या बौद्धवाडीतल्या, आतल्या नऊ जणी वरच्या वाडीतल्या. मधल्या भिंतीला खिडकी. फोडींचं घमेलं आम्ही खिडकीत ठेवतो, आतून कोणीतरी उचलतं. दारही आहे. दारातून आम्ही जात नाही. मनाई कोणी केलेली नाही. मनाई करायची पाळीच कोणावर आलेली नाही.

पंधरावी मी. पडवीत टेबल टाकून बसते. घाण्याची, म्हणजे एकेका कढईभर रसाची, वही लिहिते, ताटांना नंबराच्या पट्ट्या चिकटवते आणि पाकिटांवर लेबलं लावते, कारण माझं अक्षर चांगलं आहे. पट्ट्या ताटांना रिकामी असताना लागतात. पोळीला माझा हात लागतो तो ती पाकिटात बंद झाल्यावर.

मॅडमना ती खिडकी फार आवडली. त्यांनी कागदावर दोन चौकोन काढले, मधे बाण काढला आणि लिहिलं, स्वच्छतेची सीमा. बाहेरची धूळ आत येत नाही म्हणे. शेजारी लिहिलं, कौशल्यानुसार श्रमविभागणी. मी टेबलावरून उलटं वाचलं. उलटं वाचायला मला छान येतं.

त्यांच्या फॉर्मात अठ्ठेचाळीस प्रश्न होते. एकतिसावा असा: तुमच्या गटात कामाची वाटणी कशावरून होते? पुढे चार चौकोन. कौशल्य, अनुभव, आवड, वय. मी विचारलं, पाचवा चौकोन कुठाय? मॅडम म्हणाल्या, पाचवा कसला? मी काही बोलायच्या आत आमची अध्यक्ष दर्शनाताई म्हणाली, "कौशल्यावर खूण करा गो सगळ्यांनी, मॅडमना उशीर होतोय." पंधरा फॉर्म, पंधरा खुणा. माझीही. ते मी लपवत नाही.

दर्शनाताई वरच्या वाडीतली, आईपेक्षा बारा वर्षांनी लहान. आई तिला ताई म्हणते, ती आईला सखू म्हणते.

आता आईचं सांगते, कारण हे सगळं तिच्यावरून झालं. सखूला आंबा न कापता कळतो. हातात घेऊन अंगठा फिरवते आणि म्हणते, याच्यात साका आहे, आत पांढरा पडलाय. कापला की पांढराच निघतो. चुलीवर पोळी घालण्यात तिचं आयुष्य गेलं. आमच्या घरची पोळी शेजारची हफीजाचाची दुबईला मुलाकडे पाठवायची, तिथून निरोप यायचा की अजून पाठवा. पण गटात ती सहा वर्षं बाहेर. दर हंगामाला विचारते, ताई, यंदा कढईवर मी उभी राहू काय? दर हंगामाला उत्तर येतं, पुढच्या वर्षी बघू.

यंदा मात्र पुढचं वर्षच संपणार होतं. रत्नागिरीत महिनाभराचं प्रशिक्षण होतं, मॅडमच्या कॉलेजाने ठरवलेलं. गटातून दोघी जायच्या. त्या शिकून आल्या की वाफेची नवी कढई येणार आणि ती त्या दोघीच चालवणार. अट एकच, कढईवर काम केल्याची गटाच्या वहीत नोंद हवी. नाव हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात द्यायचं. म्हणजे जी या हंगामात कढईवर गेली नाही ती कायमची खिडकीबाहेर.

हंगामाच्या पहिल्या दिवशी सकाळी मॅडम कॅमेरा घेऊन हजर. आमच्यात रीत आहे, पहिल्या घाण्याची पहिली पोळी गावदेवीला जाते. देवीचे मानकरी रावजी तबक घेऊन स्वतः येतात. तर पहिला घाणा कढईत होता आणि कालथा आतल्या जनीच्या हातात. मॅडम म्हणाल्या, मला सगळ्या समाजघटकांतल्या स्त्रिया एकत्र काम करताना हव्यात, अहवालाच्या मुखपृष्ठासाठी. दर्शनाताईने एक क्षण विचार केला. मग खिडकीतून हाक मारली, "सखू, हात धुऊन आत ये."

आई दारातून आत गेली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

जनीने कालथा तिच्या हातात दिला. दिला म्हणजे कढईच्या काठावर ठेवला, आईने उचलला. मॅडम म्हणाल्या, हलवत राहा, खरं वाटलं पाहिजे. चार फोटो झाले. दर्शनाताई म्हणाली, झालं, दे आता. पण रस नेमका घट्ट व्हायच्या वेळेला आला होता आणि जनीचं लक्ष मॅडमच्या कॅमेऱ्याकडे. आई म्हणाली, आता सोडला तर बुडाला लागंल. आणि तिने सोडलाच नाही. पाऊण तास हलवून घाणा उतरवला. मॅडमसमोर तिला बाहेर काढणार कोण?

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की मला तिचाच राग आला. फोटोसाठी उभी केली, आणि ही खूश.

मी वही उघडली. घाणा पहिला, तारीख, आंबे किती, साखर किती. कढईवर कोण? दर्शनाताई म्हणाली, जनी लिही. मी म्हटलं, घाणा तर आईने उतरवला. ती म्हणाली, "फोटोपुरतं होतं गो ते. वही फोटोसाठी नसते."

मी जनी लिहिलं. आणि त्या मिनिटापासून नजर ठेवायला लागले.

दुपारी दुसरा घाणा झाला, एरवी पहिल्या दिवशी एकच होतो. का झाला ते कोणी बोललं नाही. चौथ्या दिवशी पोळी वाळून ताटातून सुटली आणि रावजी तबक घेऊन आले. दर्शनाताईने एक नंबरच्या ताटातली पोळी काढून तबकात ठेवली, वर फूल ठेवलं. ताट रिकामं होऊन धुवायला आमच्याकडे खिडकीत आलं. पट्टीवरचा एकचा आकडा माझ्याच हातचा होता, पण पट्टी तिरकी होती आणि तिच्या कडेला तूप लागलेलं होतं. मी पट्ट्या कोरड्या ताटांना सरळ लावते, तुपाचा हात लागायच्या आधी. मी नखाने ती उचकटली. खाली दुसऱ्या पट्टीचा डिंक होता. दोन नंबरच्या घाण्याची ताटं एक नंबरची झाली होती.

मग खरा पहिला घाणा कुठे गेला?

दुसऱ्या दिवशी कळलं. टेबलावर सहा खोकी आली. मॅडमना आणि त्यांच्या सरांना भेट द्यायची म्हणे. दर्शनाताई म्हणाली, यांच्यातल्या पाकिटांवर नुसतं लेबल लाव, घाण्याचा नंबर टाकू नको. मी विचारलं, का? भेटीला नंबर कशाला, म्हणाली. सहा वर्षांत नंबराशिवाय एक पाकीट माझ्या टेबलावरून गेलेलं नाही.

खिडकीशी जनी एकटी सापडली तेव्हा तिला धरलं. ती आधी मागे बघून आली. मग हळूच म्हणाली, "माजा नाव घेऊ नको हां. देवीला कसा नेणार तो? टाकायचाच होता. पण हापूस हाय गो, जीव होत नाय. मंग ताई म्हणाली, द्या मॅडमना. शिकलेली माणसा सगळा खातात."

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं रडेल, नाहीतर मला गप्प बसवेल. ती तांदूळ निवडत होती. तिने एवढंच विचारलं, रंग कसा आला? मी म्हटलं, सोन्यासारखा. तिने मान हलवली आणि पुन्हा सुपात बघायला लागली.

मॅडमचा शेवटचा दिवस मंगळवारचा. आत कढईवर नववा घाणा होता. पडवीत सगळ्या जमल्या. मॅडमनी लॅपटॉपवर मुखपृष्ठ दाखवलं. आई, हातात कालथा, मागे हसणारी जनी. वर नाव, सर्वांना सामावणारा कारखाना. अभ्यासातून काय निघणार हे मुखपृष्ठाला आधीच माहीत होतं. मॅडम काहीतरी घेऊन जायला आल्यात हा माझा संशय खरा ठरला, याचा मला काही आनंद झाला नाही.

मॅडमनी आईसमोर संमतीपत्र ठेवलं. फोटो वापरायला हरकत नाही, अशी सही हवी होती. शेजारी भेटीची सहा खोकी रचलेली. दर्शनाताई म्हणाली, कर सही सखू, पुस्तकावर येणारेस तू.

आईने पेन घेतलं. मग ते खाली ठेवलं. वरचं खोकं ओढलं, पाकीट फोडलं, पोळीचा तुकडा तोडला आणि दर्शनाताईपुढे धरला.

"घे," ती म्हणाली. "माज्या हातची हाय. चव सांग."

दर्शनाताईचा हात पुढे आला नाही. ती हसली. "आज माझा मंगळवार आहे गो. उपवास."

मॅडमनी फोडलेलं पाकीट हातात घेऊन लेबल वाचलं. भोळेपणाने वाचलं की मुद्दाम, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. "पण यावर तर लिहिलंय, उपवासाला चालते."

ते मीच लिहिलं होतं. दर्शनाताईच्याच सांगण्यावरून, प्रत्येक पाकिटावर, सहा वर्षं.

आईचा हात तसाच पुढे. दर्शनाताईने शेवटी तुकडा घेतला, दोन बोटांनी, आणि पदराच्या टोकात बांधला. घरी देवापुढे ठेवून मग खाईन, म्हणाली.

"देवापुढं?" आई म्हणाली. "मंग तबकात का नाय ठेवलास, दर्शना?"

ताई नाही. दर्शना. सगळ्यांनी ऐकलं. मॅडम एकदा आईकडे, एकदा त्या पदराच्या गाठीकडे बघत राहिल्या. तबकात म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी ती तुपकट पट्टी वहीत जपून ठेवली होती. ती काढून टेबलावर ठेवली आणि पहिल्यापासून सांगितलं. जनीचं नाव घेतलं नाही. दर्शनाताई मधेच म्हणाली की पोरीला काहीतरी चुकीचं कळलंय, त्या घाण्याचा रंग बिघडला होता. मॅडमनी हातातल्या पाकिटातली पोळी बघितली. ती उन्हाला धरली असती तर पलीकडचा माड दिसला असता.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. कढईवरच्या दोघी दाराशी येऊन ऐकत उभ्या होत्या आणि आत नववा घाणा बुडाला लागत होता. आई उठली. खिडकीकडे गेली नाही. दारातल्या दोघी बाजूला झाल्या, की तिने केल्या, ते मला टेबलावरून दिसलं नाही. कालथ्याचा आवाज मात्र आला, खालपासून खरवडून वर आणल्याचा. मग तिचा आवाज आला, जाळ कमी करा गो. आणि कोणीतरी केला.

मी वही उघडली. पहिल्या घाण्यापुढचं जनी खोडलं आणि सखू लिहिलं. नवव्यापुढेही सखू लिहिलं. लेबलांच्या जाड पेनाने लिहिलं, मागच्या पानावर उमटेल असं. वही फिरवून दर्शनाताईपुढे ठेवली आणि म्हटलं, अध्यक्षांची सही. पहिल्या घाण्यावर सही केली तर रावजींना उत्तर द्यायला लागणार होतं. कुठेच नाही केली तर मॅडमना. तिने बराच वेळ दोन्ही ओळींकडे बघितलं आणि नवव्यावर सही केली. पहिल्यावर केली नाही.

एका नोंदीने अट पुरी होते. मी अट तीनदा वाचलेली होती.

मॅडमनी आमच्या फॉर्मांचा गठ्ठा काढला. आईच्या फॉर्मावर एकतिसाव्या प्रश्नापुढे पाचवा चौकोन काढला आणि त्यात एक शब्द लिहिला. मी उलटा वाचला. बरोबर लिहिला होता. पण पेन्सिलीने लिहिला होता. मी माझं जाड पेन त्यांच्यापुढे सरकवलं. त्या म्हणाल्या, आधी सरांशी बोलावं लागेल, माझ्या मांडणीत हे कुठे बसतं ते बघावं लागेल. मी म्हटलं, मग संमतीपत्रही सरांशी बोलल्यावरच पाठवा. बिनसहीचा कागद मी त्यांना परत दिला. सहा खोकी त्यांनी गाडीत ठेवली. खातील की नाही, माहीत नाही.

आईचं नाव प्रशिक्षणाला गेलं. सोमवारी तिला रत्नागिरीची गाडी पकडायची आहे. त्याच संध्याकाळी ती घामाने भिजून दारातून बाहेर आली आणि तिने विचारलं, वहीत लिवलास काय? मी दाखवलं. तिने त्या ओळीवर अंगठा फिरवला, आंब्यावर फिरवते तसा.

नवव्या घाण्याच्या ताटांना मी या वेळी पट्ट्या लावल्या नाहीत. ताटांच्या बुडाला खिळ्याने नंबर कोरले आहेत. चार दिवसांनी पोळी सुटेल. ती कुठे जाते ते बघायला मी टेबलाशी बसलेली आहे.