हाडावर टेकवून बघा

मित्रांनो, चाकांच्या खांबावर बसवलेला मी एक जुना कॅमेरा आहे. परळच्या एका रुग्णालयात, ऑपरेशनच्या खोलीत माझी बारा वर्षं गेली. कंबरेचं हाड मोडलं की डॉक्टर त्यावर चमकत्या गोळ्यांची छोटी काठी घट्ट बसवतात. हत्यारांवरही तसेच गोळे असतात. माझे दोन डोळे ते गोळे बघत राहतात आणि हत्यार आत कुठवर गेलं ते संगणक पडद्यावर दाखवतो. मोठी चीर घ्यावी लागत नाही. माझं फार कौतुक झालं, पेपरात फोटोही आला.

लालबागच्या लक्ष्मीबाई मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं खुडायच्या. टेम्पोची धडक बसून त्यांचं कंबरेचं हाड मोडलं. भूल देण्याआधी त्यांनी डॉक्टर चिंतामणींचा हात धरला.

"डाक्टरांनू, माका खाली बसाक मिळतला मां? देठा काय खुर्चेर बसान खुडतत?"

"बसाल, आजी."

ऑपरेशन सुरू झालं. हाड जोडणाऱ्या स्क्रूच्या वाटेशेजारूनच पायाच्या नसा जात होत्या. कुणाचं तरी कोपर हाडावरच्या काठीला लागलं. काठी किंचित हलली. मला वाटलं, हाडच हललं. पडद्यावरची रेघ चुकली, पण दिसत होती अगदी सरळ.

"सर, एकदा हाडावर टेकवून बघा," मेघना सिस्टर म्हणाल्या.

"अहो, स्क्रीनवर सगळं बरोबर आहे."

"असेल. माझे बाबा गिरणीत साच्यावर कापड विणायचे. साचा नीट चालला तरी कापडावर हात फिरवायचेच."

डॉक्टर हसले, पण गोळे लावलेल्या सळईचं टोक त्यांनी हाडाच्या उंचवट्यावर टेकवलं. पडद्यावर ते बोटभर दूर, हवेत लोंबत होतं!

"थांबा!" डॉक्टर ओरडले. काठी पुन्हा घट्ट केली, हाडाचे नवे एक्स-रे काढले, मगच स्क्रू गेला.

आता माझ्या जागी नवा कॅमेरा आला आहे. मी व्हरांड्यात चादरीखाली असतो. त्या ऑपरेशननंतर चार महिन्यांनी ती चादर जरा घसरली होती, म्हणून मला दिसलं. लक्ष्मीबाई आल्या आणि मधोमध फरशीवर मांडी घालून बसल्या.

"मेघनाबाय, बघ गो!"

सिस्टरांनी डोळे पुसले. पेपरात त्यांचा फोटो कधी आला नाही.

मित्रांनो, यंत्रांची धूळ पुसा, त्यांना जपा. मी खोटं बोलत नाही. पण मला खोटं दिसू शकतं. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवा, आणि तरीही एकदा टेकवून बघा.