तांब्याचा घुमट आणि आबांची पेटी

आमच्या घराच्या मधल्या बोळात त्या सकाळी अठरा माणसं मोबाइल उंच धरून दाटीवाटीने उभी होती. स्टुलावर जांभळ्या मखमलीने मढवलेली बैठक, बैठकीवर तांब्याचा घुमट, आणि घुमटावर हात ठेवून डोळे मिटलेले लहरगुरू.

“येतेय,” ते पुटपुटले. “लहर दारापर्यंत आली आहे. लाजतेय.”

“एक रेघ आली,” वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई हळूच म्हणाल्या.

“माझ्याकडे दोन,” मागून कोणीतरी म्हणालं.

तिसरी रेघ आली तेव्हा माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, चक्क हात जोडले. दादा औषधांच्या कारखान्यात तपासनीस आहे. प्रयोगशाळेच्या दाखल्याशिवाय तो एक गोळी कारखान्याबाहेर जाऊ देत नाही.

झालं होतं असं. आमचं घर आगगाडीच्या डब्यासारखं लांबलचक आहे. नेटचा राउटर पुढच्या दिवाणखान्यात, आणि आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची, खोली पार मागे. मध्ये दोन दगडी भिंती आणि स्वयंपाकघरातली पत्र्याची कपाटं. मागे नेटचा पत्ता नसायचा. आबांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. पण त्यांच्या हृदयाची तक्रार सुरू झाली आणि इस्पितळाने एक पेटी दिली. दिवसातून तीनदा छातीला पट्टा बांधायचा, पेटी ठोके मोजणार आणि नेटवरून थेट इस्पितळात कळवणार. नव्या गोळीचं प्रमाण त्यावरून ठरायचं होतं. पेटी मात्र जुन्या वळणाची. तिला हवेतलं नेट कळत नव्हतं, तार लागायची.

म्हणून दादाने राउटरपासून आबांच्या टेबलापर्यंत लांब तार अंथरली. पहिल्या दिवशी तिच्यात पाय अडकून मी पडलो, दुसऱ्या दिवशी वहिनी सुपाच्या भांड्यासकट पडली. दिवाणखान्याचं दार तारेमुळे लागेना. तिसऱ्या दिवशी दादा लहरगुरूंना घेऊन आला. इमारतीतल्या चार घरांत त्यांचा घुमट आधीच बसला होता.

गुरू आले ते हातात मोबाइल धरून घरभर फिरले. दोन पावलं पुढे, एक मागे, मग डोळे मिटून मान डोलावणं.

“या भिंतींनी फार भांडणं ऐकली आहेत,” ते म्हणाले. “लहरी पिऊन टाकतात त्या.”

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादाने छताकडे पाहिलं.

“आता आपल्या नेटचा गुप्तशब्द माझ्या कानात सांगा. घुमटाला घराची ओळख पटली पाहिजे.”

दादा कानाशी पुटपुटला. गुरूंना ऐकू आलं नाही. दादा पुन्हा पुटपुटला. गुरूंनी कानामागे हात धरला. शेवटी दादा वैतागून जरा मोठ्याने बोलला, “सासुरवाडीनको, सगळं जोडून, पुढे एक-दोन-तीन.”

वहिनी एवढंच म्हणाली, “तरीच मला कधी सांगितला नाहीत.”

घुमट आबांच्या खोलीच्या दाराबाहेर बसला आणि वर सांगितलेल्या रेघा आल्या. मग गुरूंची नजर तारेवर पडली. ती बोळातून सरळ आबांच्या पेटीपर्यंत गेली होती.

“हे काय? हृदयाला बंधन?” त्यांनी वहिनीची शिवणाची कात्री मागून घेतली आणि दाराशीच तार कापली. पेटीकडचा उरलेला तुकडा घुमटाच्या कडीला गुंडाळला.

पेटीवरचा हिरवा दिवा विझला आणि केशरी दिवा लुकलुकू लागला.

“केशरी म्हणजे तेज,” गुरू म्हणाले.

“तार अशी बाहेरून गुंडाळून काही जात नसतं,” मी म्हणालो. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. चुका दिसल्या की गप्प बसवत नाही.

“भाऊजी,” वहिनी म्हणाली, “तुम्ही अनुस्वार बघा.”

तिची चूक नव्हती. सूप सांडलं होतं ते तिच्या पायावर. तार गेली याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. आणि मीही गप्प बसलो. रेघा तर माझ्याही मोबाइलवर आल्या होत्या.

घुमट बसल्यापासून चौथ्या दिवशी दुपारी इस्पितळातून सिस्टरचा फोन आला. योगायोगाने तो आबांनीच उचलला.

“तीन दिवस तुमच्या पेटीकडून काही आलं नाही,” सिस्टर म्हणाल्या. “पेशंट आहेत ना?”

“मी बोलतोय, म्हणजे असावा,” आबा म्हणाले.

“बरं वाटतंय?”

“हलकं वाटतंय. उठलं की खोली जराशी फिरते. पण ते लहरींमुळे असतं म्हणे.”

सिस्टरनी मला फोनवर घेतलं आणि घड्याळ लावून आबांची नाडी मोजायला सांगितली. मी मोजली. बेचाळीस. पुन्हा मोजली. एक्केचाळीस. “नव्या गोळीने ठोके फारच मंद झालेत बहुधा,” सिस्टर म्हणाल्या. पाच मिनिटांनी डॉक्टरांशी बोलून त्यांचा पुन्हा फोन आला. रात्रीची गोळी द्यायची नाही, आबांना उठू द्यायचं नाही, आणि तासाभरात पेटी सुरू झाली नाही तर गाडी पाठवतो. वहिनी दाराला टेकून उभी होती. तिच्या हातातलं फडकं केव्हाच खाली पडलं होतं.

मी धावत तळमजल्यावर गेलो. तिथे टेलिफोनवाल्या मावशी राहतात. तीस वर्षं टेलिफोन खात्यात खांबांवर चढून तारा जोडल्या आहेत त्यांनी. मी काय झालं ते सांगेपर्यंत त्यांनी पिशवी खांद्याला लावली होती.

वर आलो तर बोळात पुन्हा गर्दी. दर चौथ्या दिवशी घुमटाचं जागरण असायचं, या वेळी ते आमच्याकडे होतं, त्यामुळे शेजारी आपापले घुमट तान्ह्या बाळासारखे कवेत घेऊन उभे होते. गुरू कोपऱ्यातल्या खोलीत दार लावून बसले होते.

“आत काय करतात?” मावशींनी विचारलं.

“ध्यान,” दादा म्हणाला.

“त्याच खोलीत का?”

“तिथे प्लग आहे,” दादा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

इतक्यात गुरू आमचा घुमट बैठकीसकट घेऊन बाहेर आले आणि त्यांनी तो स्टुलावर ठेवला. रेघा आल्या. तीन.

“मी हा उचलते,” मावशी म्हणाल्या.

“बाई, उघडलात तर लहर उडून जाईल. घराला सात महिने लाभणार नाही.”

“आठ का नाहीत?”

गुरूंना उत्तर सुचेपर्यंत मावशींनी घुमट उचलून शिंपीणबाईंच्या हातात दिला.

“अग्गबाई,” शिंपीणबाई म्हणाल्या. “चार झाल्या. पुऱ्या चार.”

“होणारच. तांब्याने अडत होतं.” मावशींनी बैठकीची मखमल सोलली. आत पांढरी प्लास्टिकची डबी, दोन कानांसारखे दांडे, आणि शेजारी मोबाइल चार्ज करायची जाडजूड बॅटरी. “ही डबी राउटरचं नेट झेलते आणि पुढे फेकते. दोन भिंतींपलीकडे हाक पोचत नसेल तर मध्ये एक माणूस उभा करतो ना आपण, तसं. गुप्तशब्द लागतो तो त्याकरता. आणि हे जे डोलत फिरतात, ते राउटरची हाक नीट ऐकू येईल अशी जागा शोधतात. बॅटरी चार दिवसांनी संपते, म्हणून जागरण.”

मग त्यांनी डबी उलटी केली आणि हसल्या. तळाशी एक चौकोनी भोक होतं.

“गुरुजी, हे कशासाठी असतं?”

“हवा खेळती राहावी म्हणून,” गुरू म्हणाले.

मावशींनी पिशवीतून नखाएवढं पारदर्शक टोक काढलं. पेटीकडच्या कापलेल्या तारेचं साल काढलं, आतल्या आठ बारीक तारा रंगांच्या क्रमाने लावल्या, टोकात सरकवल्या, चिमट्याने दाबल्या. कट्. ते टोक त्यांनी डबीच्या त्या भोकात खोचलं. आबांच्या टेबलावर केशरी दिवा विझला. आम्ही सगळे बघत होतो. हिरवा लागला.

“हवेतलं नेट डबीत, डबीतून तारेत, तारेतून पेटीत,” मावशी म्हणाल्या. “हातभर तार पुरे. कोणी पडायला नको.”

वहिनीने आबांना पट्टा बांधला. दहा मिनिटांनी सिस्टरचा फोन आला. ठोके मिळाले होते, पंचेचाळीस. आबांनी पडून राहायचं, गोळी उद्यापासून अर्धी. गाडीची गरज नव्हती.

दादा गुरूंकडे वळला. त्याचा आवाज अगदी खाली होता. “हे भोक तुमच्याच डबीला होतं. आणि तुम्ही माझ्या बापाची तार कापलीत.”

“डबी दुकानात मिळते हे मी कुठे नाकारलं?” गुरू म्हणाले. “कोणी विचारलंच नाही. नुसती डबी नेली तर लोक दारातून परत पाठवतात हो. घुमट नेला की पाट मांडतात.”

पाट तर आम्हीच मांडला होता. मावशींनी मात्र सगळ्यांना आपापले गुप्तशब्द ताबडतोब बदलायला सांगितलं. संध्याकाळी दादा दुकानातून भिंतीतल्या प्लगला लावायची तशीच डबी घेऊन आला आणि मावशींना विचारून विचारून त्याने ती स्वतः जोडली. गुरूंचा घुमट आणि डबी त्यांना परत केली. शिंपीणबाई जाता जाता म्हणाल्या की घुमट आल्यापासून त्यांची अर्धशिशी थांबली होती. मावशींनी त्यांना डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

नेटची लहर दिसत नाही, पण म्हणून ती कोणाच्या मर्जीवर चालत नाही. भिंत कुठे आहे, डबी कुठे आहे, तार कुठे खोचली आहे, यावर चालते, आणि हे कोणालाही तपासता येतं. कोणी झाकलेली वस्तू घरात आणून ठेवली तर झाकण उचलून बघा. उचलू देत नसेल तर ती वस्तू त्याच्या हातात परत द्या. आजारी माणसाच्या यंत्राला तर समजल्याशिवाय कोणालाही हात लावू देऊ नका.

आबांच्या नशिबाने निभावलं, असं दादा अजून म्हणतो. वहिनी त्याला दर वेळी तिथेच थांबवते. “नशिबाने नाही,” ती म्हणते. “त्या सिस्टरनी फोन केला म्हणून.”